कपाची बंडी

सोमवार, ता. ४

आज नवे काम हाती घेतले. सबब ही वही पुन्हा उघडत आहे.

कामावर असेपर्यंत मी रोजची नोंद ठेवीत असे. भिंतीचे किती थर झाले, माल कोणता लागला, कोठे चुकले आणि कोणाकडून. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे आहे. परंतु माझ्या वहीत खाडाखोड कोणी दाखवून द्यावी. थापी खाली ठेवल्यावर नोंदवण्याजोगे काही उरले नाही, म्हणून लिहिणे थांबवले.

काम असे आहे. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून सौ.चा उजवा हात मांडीवर पडून असतो. वाचा परत आली आहे, मात्र शब्द ती जपून वापरते. चहा डाव्या हाताने पिते. एक घोट घ्यायचा, कप खाली ठेवायचा, दम खायचा. अर्ध्यावर येईतो चहा निवतो. सूनबाई तो पुन्हा गरम करून आणते. पुन्हा निवला की सौ. "पुरे झाला" म्हणून कप बाजूला सारते. पुरे झालेला नसतो. इतक्या वर्षांच्या संसारात तिने चहा टाकलेला मी पाहिलेला नाही.

चिरंजीवांनी स्टीलचा झाकणवाला कप आणला. तिने तो एकदाच ओठांना लावला.

"कसा वाटतो, आई?"

"टाकीला तोंड लावल्यासारखा," ती म्हणाली आणि आपला जुना, जाड कानाचा, मोठा कप मागितला.

काल कन्येचा फोन आला. रविवारी, ता. २४ रोजी, ती येऊन आईला आपल्या घरी नेणार आहे. तिच्याकडे लिफ्ट आहे आणि हाताच्या व्यायामाचे केंद्र समोरच आहे. आमच्याकडे येणाऱ्या व्यायामाच्या बाईंचेही मत तसेच आहे. इथे हात सुधारत नाही. फोन हातात धरूनच चिरंजीवांनी मला विचारले, "बाबा, तुमचं काय म्हणणं?" मी सांगितले, "माझी ना नाही." सौ.ला विचारले तेव्हा ती "बघू" म्हणाली. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'हो' असे आजवर झालेले नाही. परंतु ते मी बोललो नाही. कन्येचे घर लहान आहे. मी बरोबर जाण्याचा विषय कोणी काढला नाही आणि तो मी काढणार नाही.

सौ.ची बॅग खाली काढताना कपाटावर, मागच्या बाजूस, उशीचा एक जुना अभ्रा सापडला. आत उरलेल्या लोकरीचे गुंडे आणि विणकामाच्या सुया. घरातल्या प्रत्येकाचा स्वेटर तिने विणलेला आहे, आणि प्रत्येकाचे उरलेले शेपूट तिने जपून ठेवलेले आहे. त्या अभ्र्यात हात घातला तो आत ऊब होती. तेव्हाच विचार आला. कपाभोवती लोकरीचे वेष्टन असेल तर चहा इतक्या लवकर निवणार नाही.

इतक्या भिंती बांधल्या. कपाभोवती एक बांधता येऊ नये?

मंगळवार, ता. ५

सौ.ला मी शिकव असे म्हटले नाही. म्हटले, "तू नुसती बघत राहा. काही चुकलेच तर सांग."

"चुकलंच तर?" ती म्हणाली. ओठ आत ओढून धरले होते.

पहिली ओळ सुईवर चढवणे, ज्याला या कामात 'टाके घालणे' म्हणतात, तेच कठीण निघाले. तोंडाने सांगून ते कळण्यासारखे नाही आणि दाखवायला तिचा उजवा हात नाही. अखेरीस मी तिच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसलो. धागा तिच्या डाव्या हातात, सुई माझ्या उजव्या हातात. दोघांचे मिळून दोन हात. असे टाके पडले.

आम्ही इतके जवळ बसलेले पाहून सूनबाई दारातूनच परत गेली. तिला काय वाटले कोण जाणे.

मी म्हणालो, "या सुया वाकड्या आहेत."

"अंगणच वाकडं," सौ. म्हणाली.

गुरुवार, ता. ७

आजची चूक सविस्तर लिहितो, कारण ती अज्ञानाने नव्हे, ज्ञानाने झाली.

भिंतीत सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत. खालच्या दोन विटांमधला सांधा जिथे असेल, तिथे वरच्या विटेचे पोट यावे लागते. याला सांधेमोड म्हणतात. ती नसेल तर भिंत उभी चिरते. हे मी दोन पिढ्यांच्या गवंड्यांना शिकवले आहे. आज चार ओळी विणून पाहिल्यावर ध्यानात आले की टाक्याच्या बरोबर डोक्यावर टाका येतो आहे, म्हणजे खालपासून वरपर्यंत सरळ उभे सांधे. असली भिंत माझ्या हातून उभी राहणे शक्य नव्हते. सबब पाचवी ओळ मी सुधारून घेतली. टाक्यात सुई न घालता, दोन टाक्यांच्या मधल्या धाग्यात घालत गेलो. प्रत्येक नवा टाका खालच्या सांध्यावर नेमका बसला. जुने टाके सुईवरून सोडून दिले. काम डोळ्यांना उत्तम दिसले.

मग ते सौ.ला दाखवण्यासाठी उचलले आणि सोडून दिलेला प्रत्येक टाका सरसर खाली तळापर्यंत उसवत गेला.

"काय केलंत हो हे?"

"सांधेमोड केली."

तिने माझ्याकडे पाहिले, हातातल्या त्या जाळ्याकडे पाहिले आणि हसू लागली. आवाज न करता, खांदे हलवत. डोळ्यांतून पाणी आले ते तिला एका हाताने पुसता येईना. सूनबाई धावत आली, "काय झालं? आईंना त्रास होतोय का?"

"यांनी," सौ.ला श्वास पुरेना, "यांनी लोकरीची भिंत बांधली. पडली."

झटक्यानंतर ती हसली नव्हती. हे नोंदवून ठेवतो.

मग तिने समजावले. वीट विटेवर नुसती बसते. टाका बसत नाही, तो खालच्याच्या गळ्यात अडकलेला असतो. खालचा सोडला की वरचाही गेला. मला हे पटले. सगळे उसवले आणि पुन्हा आरंभ केला.

सूनबाईने या वस्तूचे नाव 'कपाची बंडी' असे ठेवले आहे. नाव मला पसंत नाही, पण चालू झाले.

शनिवार, ता. ९

शेजारचे घड्याळजी आले होते. यांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आता त्यांचा मुलगा पाहतो, सबब यांना वेळच वेळ. माझ्या हातात सुया पाहून म्हणाले, "काय मिस्त्री, विटा महागल्या का?"

मी म्हटले, "तुमची घड्याळं मागे पडतात तशी आमची भिंत पडत नाही."

"परवा पडली म्हणे."

ही बातमी घराबाहेर कोणी नेली, याची चौकशी केली. सूनबाईला अचानक स्वयंपाकघरात काम निघाले.

तीन बोटे उंची झाली.

सोमवार, ता. ११

व्यायामाच्या बाई आल्या. रबरी चेंडू सौ.च्या उजव्या हातात देऊन "दाबा, आजी, दाबा" म्हणत राहिल्या. चेंडू मांडीवरून घरंगळून खाटेखाली गेला. सौ. खिडकीबाहेर पाहत राहिली. बाई जाताना जिन्यात चिरंजीवांना म्हणाल्या, "हात अगदीच मेलेला नाही. पण त्यांचं मनच नाही. मन नसलं तर मी तरी काय करू?" जिन्यातले बोलणे आमच्या खोलीत स्पष्ट ऐकू येते. हे तिला ऐकू आले नाही असे मी धरून चाललो. तिनेही तसेच धरले.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "चेंडू काय दाबायचा? मी काय तान्हं बाळ आहे?"

एक चमत्कारिक गोष्ट. काल संध्याकाळी काम थांबवताना डावीकडे एक टाका सुटून भोक पडलेले मी पाहिले होते. आज सकाळी दाखवावे असे ठरवले आणि विसरलो. दुपारची झोप काढून उठलो आणि पाहतो तो भोक नाही. चष्मा पुसून पाहिले. नाही.

विचारांती असे वाटते की हे काम काही काळाने आपोआप बसत असावे. चुन्यातली भिंतही बांधल्यावर काही दिवस बसत जाते आणि बारीक फटी आपोआप मिटतात. लोकर मऊ असल्याने लवकर बसत असेल.

बुधवार, ता. १३

उपपत्ती खरी ठरली. कालच्या कामात एके ठिकाणी धागा सुईच्या भलत्या अंगाने गेला होता. आज दुपारनंतर तोही सरळ झालेला आढळला. घड्याळजींना हे समजावून सांगितले. ते म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या घरी घड्याळ ठेवून बघतो. तेही आपोआप दुरुस्त झालं तर दुकान बंद करू."

सूनबाई अलीकडे दुपारी आमच्या खोलीचे दार लोटून घेते आणि मुलांना तिकडे फिरकू देत नाही. माझ्या झोपेची इतकी काळजी तिने पूर्वी घेतली नव्हती. समाधान वाटले.

शनिवार, ता. १६

काम बंद. कारण नाही.

खरे लिहायचे तर कारण आहे. बंडी पुरी झाली की ती कपावर चढेल, कप बॅगेत जाईल आणि बॅग रविवारी जाईल. अपुरे काम साइटवरून हलवू नये असा माझा नियम होता. काल मनात आले की काम अपुरेच राहिले तर. हा विचार शाळकरी पोराला शोभेल, मला नाही. तरीही आज सुया उचलल्या नाहीत.

"का थांबलात?" सौ.ने विचारले.

"मान धरली आहे."

"मानेचं विणकाम नसतं," ती म्हणाली. मग हळू आवाजात, "करा ना थोडं. दुपारपर्यंत तरी."

दुपारपर्यंतच का, हे मी विचारले नाही. चार ओळी केल्या.

मंगळवार, ता. १९

तपकिरी लोकर संपली. अभ्र्यात करड्या रंगाचा एक गुंडा होता, तो माझ्या स्वेटरातला. तो स्वेटर मी कामावर घालून त्यावर चुना सांडला, त्यावरून दोन दिवस अबोला झाला होता. तिलाही आठवले असावे, कारण गुंडा हातात घेऊन ती म्हणाली, "याला चुना लावू नका म्हणजे झालं."

दोन धागे मी गवंड्याच्या सुताला मारतो तशा गाठीने जोडले. गाठ बोराएवढी झाली, पण पक्की. सकाळी मारली, दुपारी उठून पाहतो तो गाठ नाही. दोन्ही टोके मागच्या बाजूने टाक्यांत अशी ओवलेली की बोटालाही लागू नयेत.

चुना फट मिटवतो. गाठ सोडत नाही. माझ्या उपपत्तीत खोट आहे.

बुधवार, ता. २०

भिंतीला भेग पडली की आम्ही तिच्यावर काचेची पट्टी चिकटवत असू. भिंत हलती असेल तर काच तडकते. स्थिर असेल तर तशीच राहते. आज दुपारी झोपण्यापूर्वी दोन्ही सुयांवरून एक पांढरा दोरा नुसता आडवा ठेवला.

उठल्यावर दोरा जमिनीवर पडलेला होता.

माझ्या कामाला कोणीतरी हात लावत आहे. सूनबाईला खडसावले. "मी नाही हो बाबा, माझ्या मुलांची शपथ," ती म्हणाली आणि तोंडावर पदर धरून निघून गेली. मी चुका करतो आणि घरातली माणसे त्या माझ्या पाठीमागे दुरुस्त करतात, ही गोष्ट मला सहन होण्यासारखी नाही. उद्या पाहतो.

गुरुवार, ता. २१

आज दुपारी मी झोपलो नाही. डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून पडलो. कपाटाच्या आरशातून खुर्ची दिसते.

जे पाहिले ते पाहण्याची मला परवानगी नव्हती, सबब त्याचे वर्णन येथे करीत नाही. इतकेच नोंदवतो. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट. सुई काखेत दाबून धरलेली. एक टाका उचलायला लागलेला वेळ एखाद्या कामगाराने माझ्या साइटवर घेतला असता तर मी त्याला घरी पाठवला असता. टाका तीनदा निसटला. चौथ्यांदा राहिला. कोणी "दाबा, आजी" म्हणत नव्हते.

माझ्या घशातून कसलासा आवाज निघाला. तो लपवण्यासाठी मी घोरू लागलो.

संध्याकाळी चहाच्या वेळी सौ. म्हणाली, "आज घोरणं फारच होतं."

"थकवा," मी म्हणालो.

शुक्रवार, ता. २२

आज आयुष्यात प्रथमच मुद्दाम वाईट काम केले.

सकाळी विणताना दोन टाके सुईवरून सोडून दिले आणि पुढे गेलो. एक जवळ होता, सोपा. दुसरा दोन ओळी खालचा. हाताला फार अवघड जाऊ नये, पण अगदी फुकटही मिळू नये, असा हिशेब ठेवला. नव्या पोराला शिकवताना असाच ठेवावा लागतो. मग "डोळे जड झाले" असे मोठ्याने म्हणून आडवा झालो. आज आरशाकडे पाहिले नाही.

उठलो तेव्हा दोन्ही टाके जागेवर होते. सौ. डोळे मिटून खुर्चीत बसली होती. कपाळावर घाम होता. झोपेत असल्याचे तिचे सोंग माझ्यापेक्षा चांगले आहे.

हिने हे लपवून का ठेवले, यावर विचार केला. मी दुसऱ्याच्या देखत कच्चे काम कधी केले नाही. तीही माझ्याच घरात राहिलेली आहे.

शनिवार, ता. २३

सूनबाईने बॅग भरली. बंडी पूर्ण उंचीची झाली आहे. आता शेवटचे टाके बंद करायचे आणि कानाशी एक गुंडी लावायची. सौ. म्हणाली, "टाके बंद करायचं सांगू का?" मी म्हटले, "उद्या."

मी बोललो तर तिचे गुपित फुटते. गप्प बसलो तर ती जाते. दोन्ही बाजूंनी भिंत. विचार करून डोके दुखले.

रविवार, ता. २४

कन्या अकराच्या सुमारास आली. आईच्या गळ्यात पडली, माझ्या पाया पडली आणि बॅग भरली आहे का ते पाहिले. या तीन गोष्टी ती नेहमीच भराभर करते. माझ्यावर गेली आहे.

चहा आला. सौ.चा मोठा कप तिच्या पुढ्यात, उघडाच.

"आई, दुपारची गाडी आहे. तिकडे बघ, महिन्यात हात हलायला लागतो की नाही," कन्या म्हणाली. "इथे त्या बाई म्हणतात, मनच लागत नाही तुझं."

सौ.ने खिडकीबाहेर पाहिले.

"बाबा, तुमचं काय म्हणणं? फोनवर तुम्ही हो म्हणालात."

मी 'हो' म्हणालो नव्हतो. 'ना नाही' म्हणालो होतो. परंतु तो फरक मुलीला सांगत बसण्याची ती वेळ नव्हती.

मी उठलो, सुयांसकट बंडी आणली आणि सौ.च्या मांडीवर ठेवली. उजव्या हातावर.

"हे काम माझ्याने पुरे होत नाही," मी म्हणालो. "टाके बंद करायचे राहिलेत. ते आता ही करील."

"बाबा!" चिरंजीव म्हणाले. "काय हे? तिला कसं..."

"मी सगळं चुकीचं केलेलं आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी यापूर्वी कोणाच्याही देखत उच्चारलेले नाही, म्हणून आवाज नको तितका मोठा निघाला. "पहिल्या ओळीपासून. जे बरोबर दिसतं ते माझं नाही."

दारात सूनबाई पदर तोंडाला लावून उभी होती. आज ती हसत नव्हती.

सौ. माझ्याकडे पाहत होती. "म्हणजे झोपत नव्हतात," ती म्हणाली.

"पहिले काही दिवस खरंच झोपलो होतो."

"सगळ्यांसमोर करू?"

"माझी भिंत सगळ्यांसमोर पडली होती," मी म्हणालो.

तिने सुई काखेत दाबली. अंगठा हलला, मग शेजारचे बोट. पहिला टाका बंद झाला. दुसरा निसटला. कन्या मदतीला पुढे झाली तेव्हा मी तिचा हात धरून मागे ओढला. जरा जोरात ओढला असावा. दुसरा टाका बंद झाला. पुढे कोणी मोजले नाही. चहा निवला आणि तो गरम करायला कोणी उठले नाही.

शेवटचा धागा तिने दातांनी तोडला.

कन्या रडत होती. "आई, हे... अगं, सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? दोन बोटं," सौ. म्हणाली. "नीट झाल्यावर सांगणार होते."

"मग तिकडे तर अजून लवकर..."

"ताई," चिरंजीव म्हणाले, "बाबांना विचार ना पुन्हा."

कन्येने डोळे पुसले. "बाबा, तुमचं काय म्हणणं?"

सौ. बंडीवरचे टाके चाचपत होती, पण कान माझ्याकडे होता. इतक्या वर्षांत मला तेवढे कळते.

"माझी ना आहे," मी म्हणालो.

ती पुष्कळ वेळ चाचपत राहिली. मग कन्येला म्हणाली, "जाताना त्या बाईंना निरोप दे. चेंडू नको म्हणावं. लोकर घेऊन या."

सोमवार, ता. २५

कन्या सकाळी एकटी परत गेली. महिन्याने पुन्हा येऊन पाहणार आहे.

गुंडी मी शिवली. बंडी कपावर घट्ट बसते. कानाशी फट नाही. सौ.ने आजचा चहा शेवटपर्यंत घेतला. शेवटचा घोट कोमट होता असे ती म्हणाली, गरम होता असे नाही. जसे झाले तसे लिहितो.

खालून दुसऱ्या ओळीत एक टाका तिरका राहून गेला आहे. मी तो दाखवला आणि विचारले, हा कसा सुटला तुझ्या नजरेतून.

"सुटला नाही," ती म्हणाली. "तेवढा तुमचा आहे. राहू दे."

काम पूर्ण.

नवे काम उद्यापासून. माझ्या कपाची बंडी. साहित्य, उरलेली करडी लोकर. कारागीर, दोघे.